समक्ष लॉगिन

"या मुलीला आत सोडता येत नाही," असं केंद्रप्रमुख म्हणाले आणि माझ्या हाताला धरून आलेली पोट्टी दारातच थांबली.

ती माझी लेखनिक. मला जन्मापासून दिसत नाही. मी उत्तर बोलते आणि शेजारी बसलेली लेखनिक ते लिहिते, असा आम्हा लोकांचा पेपर असतो. दहावी अशी झाली, बारावी अशी झाली, बी.ए. असंच झालं आणि मराठीच्या एम.ए.चेही शेवटचा सोडून सगळे पेपर असेच झाले. हा तो शेवटचा होता. पोट्टी आमच्याच गल्लीतली, अक्षर सुरेख, आणि मी बोलत असताना स्वतःचं शहाणपण मधे घालायची नाही म्हणून मला पसंत. बोरी अरबहून सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी यवतमाळला आलो होतो. रस्ताभर मी तिला "काना-मात्रा नीट देजो बरं" म्हणून पिडलं होतं.

"काहून सोडता येत नाही, सर?"

"तुमच्या हॉल तिकिटावर लेखनिक 'नाही' असं छापलंय, मॅडम. तुम्ही अर्जात लेखनिक मागितलेलाच नाही."

"सर, मी आंधळी आहे. लेखनिक मागणार नाही तर लिहीन कशी?"

"ते मला समजतं हो. पण माझ्या हातात कागद आहे, त्यावर मंजुरी नाही."

माणूस वाईट नव्हता. त्यानं वर दोन-चार फोन केले, प्रत्येकाला "हो सर, पूर्ण अंध आहेत, हो, समोरच उभ्या आहेत" असं सांगितलं, आणि शेवटी मला आत नेऊन बाकावर बसवलं. पोट्टी बाहेर व्हरांड्यात. समोर प्रश्नपत्रिका ठेवली, उत्तरपत्रिका ठेवली. "हजेरी तरी लागेल," म्हणाला. आजूबाजूला पेनं चालू झाली. मी प्रश्नपत्रिकेवरून हात फिरवत बसले. गुळगुळीत कागद, दुसरं काय लागणार हाताला? त्यात कोणते प्रश्न आहेत हेसुद्धा मला कोणी वाचून दाखवायचं नव्हतं, कारण वाचून दाखवणाऱ्याचीही मंजुरी लागते. थोडा वेळ बसले. मग रडू येईल असं वाटायला लागलं, आणि त्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं, म्हणून उठून बाहेर आले.

नुसता पेपर बुडला असता तर पुढच्या खेपेला दिला असता. पण माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. त्या मुदतीत हा पेपर सुटला नाही तर आधी पास झालेले सगळे पेपर बाद, म्हणजे पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा. आणि दारव्ह्याच्या ज्या शाळेत मी तासांवर शिकवत होते तिथल्या मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं, एम.ए. झालं की अकरावी-बारावीचं मराठी तुमच्याकडे. त्यांच्या शब्दावर मी आणि आई वर्षभर घरात मनातल्या मनात उड्या मारत होतो. तो एक पेपर म्हणजे माझं सगळंच होतं.

आता हे झालं कसं, ते सांगते.

मला एम.ए. करवणारी संस्था घरबसल्या शिक्षण देणारी आहे. नाव घेत नाही, घेतलं तर आणखी एक नोटीस यायची. तिचं सगळं काम वेबसाइटवर. परीक्षेचा अर्ज वेबसाइटवर, हॉल तिकीट वेबसाइटवर, निकाल वेबसाइटवर. आणि आमच्या बोरीत वेबसाइट म्हणजे स्टँडजवळचा ऑनलाइन सेंटरवाला भाऊ. गावात कोणीच आपला फॉर्म आपण भरत नाही, डोळसही नाही. सातबारा असो, रेशन असो, पोराची ॲडमिशन असो, भाऊपाशी जायचं, स्टुलावर बसायचं आणि तो विचारेल ते सांगायचं. गावाचे पासवर्ड त्याला पाठ. माझाही त्याला पाठ होता, मला नव्हता. तो मोठ्यानं वाचायचा, "ताई, अपंगत्व हो, लेखनिक हो, माध्यम मराठी, झालं, सबमिट," आणि मी मान हलवायची. दर वर्षी असंच. कधी चूक झाली नाही.

मग मी बोलणारा फोन घेतला. म्हणजे फोन सगळ्यांसारखाच, फक्त त्यात पडदा वाचून दाखवायची सोय चालू करायची. बोट फिरवलं की आतली बाई सांगते, इथं बटन आहे, इथं लिहायची जागा आहे, इथं अमुक लिहिलंय. दोनदा टिचकी मारली की बटन दाबलं जातं. त्या बाईशी जमवून घ्यायला मला थोडे दिवस लागले, पण एकदा जमलं आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत बापा. बातम्या मी वाचते, मेसेज मी लिहिते, बँकेतला पगार मी बघते. तेव्हा म्हटलं, शेवटच्या पेपरचा अर्ज आपण आपल्या हातानं भरायचा. जन्मभर लोकांच्या स्टुलावर बसून मान हलवायची का?

भाऊकडून पासवर्ड मागून घेतला आणि शाळेत मोकळ्या तासाला बसले. पहिल्याच पानावर ठेच लागली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, मग बाई म्हणाली, "इमेज," आणि गप्प. ती वेडीवाकडी अक्षरं असतात ना, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करायला लावतात ती? ती चित्रात असतात, आणि चित्र आमच्या बाईला वाचता येत नाही. म्हणजे वेबसाइटच्या हिशेबानं माणूस तोच ज्याला दिसतं. शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाईंना तेवढी अक्षरं वाचून मागितली. त्यांनी वाचली आणि वर म्हणाल्या, "पूर्णच भरून देऊ का?" मी म्हटलं, "नको, बाकी माझी मी करते." मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

आतलं सुरुवातीचं जमलं. मग चौकटी आल्या. "चेकबॉक्स, निवडलेला नाही. चेकबॉक्स, निवडलेला नाही. चेकबॉक्स, निवडलेला नाही." अवं पण कशाचा? कोणती चौकट कशाची हे सांगणारा शब्द ज्यानं वेबसाइट बनवली त्यानं तिला जोडलेलाच नव्हता. डोळ्यांना तो शेजारी दिसत असेल, बाईला नाही. मी संस्थेच्या मदत कक्षाला फोन लावला. खूप वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगा आला.

"मॅडम, निळ्या बटनाच्या वर लाल अक्षरात लिहिलंय बघा."

"मला दिसत नाही, दादा."

"स्क्रीन खाली सरकवा, दिसेल."

"अरे, मला डोळ्यांनी दिसत नाही."

मग म्हणाला, "मग जवळ कोणी असेल त्याच्याकडे फोन द्या ना." मी फोन आपटला. हळूच आपटला, नवा होता.

आणि तिथंच माझी अक्कल गेली चरायला. शेजारच्या बाई अजून बसल्या होत्या, त्यांना विचारता आलं असतं. पण एकदा तोऱ्यात "माझी मी करते" म्हटल्यावर पुन्हा कोणत्या तोंडानं विचारणार? मी भाऊच्या वाचण्याचा क्रम आठवला. अपंगत्व, लेखनिक, माध्यम. त्या क्रमानं टिचक्या मारल्या. "अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला," असं बाई खणखणीत म्हणाली. ते एक वाक्य मात्र त्यांनी तिला वाचता येईल असं लिहिलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं, आज फॉर्म मी भरला, एकटीनं. आईनं त्या आनंदात भजे तळले. हॉल तिकीट आलं तेव्हा शाळेतल्या कोणीतरी तारीख, वेळ आणि केंद्र वाचून दिलं. खालची बारीक ओळ कोण वाचतं?

नंतर कळलं की त्या वर्षी त्यांनी लेखनिकाची चौकट पार खाली नेऊन तिथं दुसरीच एक घातली होती. लेखनिकाच्या जागी मी ती निवडली होती. संस्थेच्या जाहिराती फोनवर पाठवायला माझी हरकत नाही, अशी ती चौकट होती. जाहिराती अजून येतात.

माझ्याबरोबर बी.ए.ला असलेली एक मुलगी आता यवतमाळला वकिली करते. पेपर बुडाला त्याच दिवशी मी तिच्याकडे गेले. तिनं मला दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा वाचून दाखवला. वेबसाइटी आम्हाला वापरता येतील अशाच पाहिजेत, हे त्यात चक्क आहे. मी म्हटलं, मग भांडायचं काय, नुसतं दाखवून द्यायचं! वकीलबाई हसली. "तुले वाटते तेवढं सोपं नसते वो," म्हणाली. तिनं दिव्यांगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या साहेबांकडे तक्रार लिहिली. मागणं दोनच, मला लेखनिकासह हा पेपर देऊ द्या, आणि वेबसाइट सुधारा.

आईचा जीव खालीवर. "कायले मोठ्या लोकाईच्या नादी लागतं, माय? पाया पडून सांग, देतील बसू."

"आई, मी काय चोरी केली? पाया कायले पडू?"

"तुये हेच. बापावर गेली," म्हणाली आणि रागानं भांडी घासायला बसली.

संस्थेचं उत्तर आलं. वकीलबाईनं ते फोनवर वाचलं, आणि ऐकता ऐकता माझे कान तापले. तक्रारदार गेली अनेक वर्षे संकेतस्थळाचा नियमित व यशस्वी वापर करीत आहेत. सोबत नोंदी जोडल्या होत्या, मी केव्हा केव्हा लॉगिन केलं, कोणकोणता अर्ज भरला, प्रत्येक अर्ज कसा बिनचूक, प्रत्येकात लेखनिक कसा बरोबर मागितलेला. म्हणजे संकेतस्थळ अंध व्यक्तीस पूर्ण वापरण्याजोगं आहे, याचा तक्रारदार स्वतःच पुरावा आहेत. या वर्षीची चूक केवळ त्यांच्या निष्काळजीपणाची.

घ्या! भाऊच्या बोटानं केलेलं सगळं माझ्या नावावर जमा, आणि माझ्या बोटानं केलेलं एकच, तेवढं निष्काळजीपणात. इतकी वर्षं मला कोणी ना कोणी मदत करत होतं, आणि तिकडे कुठंतरी एक यंत्र बसून लिहीत होतं की या बाईला मदत लागत नाही. मी फोनवरच ओरडले. मला राग आला की माझं एम.ए.चं मराठी कुठल्या कुठं जातं. "हे काय बदमाशी लावून राह्यले वो हे? मी करून राह्यली होती का ते? भाऊ करून राह्यला होता!"

"मग भाऊले आणतं का साक्षीले?" वकीलबाईनं विचारलं.

मी सेंटरवर गेले. भाऊ सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "येतो न ताई. सांगतो का मीच भरत होतो. त्याच्यात का मोठं आहे?" इतक्या सहज म्हणाला की मला भरून आलं. पण वकीलबाईनं रात्री फोन करून दोघांनाही गप्प बसवलं. दुसऱ्याच्या पासवर्डनं अर्ज भरणं नियमात बसत नाही. भाऊनं तोंडानं कबूल केलं की त्याच्या सेंटरची परवानगी गेली. आणि दर अर्जाच्या शेवटी, हा अर्ज मी स्वतः भरला आहे, अशी एक चौकट असते. ती दर वर्षी त्यानंच टिक केलेली. ती खोटी ठरली तर माझे आधीचे सगळे पेपरही ते बाद करू शकतात.

मला ती चौकट माहीतच नव्हती. भाऊ ती मोठ्यानं वाचायचा नाही. गावात कोणासाठीच वाचत नव्हता, आणि वाचून तरी काय, सगळ्या गावानं सगळे अर्ज "स्वतः"च भरलेत. खरं बोललो तर भाऊ बुडतो आणि मीही बुडते, गप्प राहिलो तर मी एकटी बुडते. यालाच म्हणतात इकडे आड तिकडे विहीर. मी भाऊला सांगितलं, तुम्ही यायचं नाही. तो म्हणाला, "पण ताई—" मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही."

राहिला एकच रस्ता. साहेबांसमोर करून दाखवायचं, म्हणजे होत नाही हे दाखवायचं.

साहेब सुनावणीला यवतमाळला येणार होते. आई हट्टानं सोबत आली. सभागृहात गर्दी होती, कुबड्यांचे आवाज, तीनचाकी सायकलींचे आवाज, आणि प्रत्येकाची आपली एक कहाणी, शेजारच्याला सांगून सांगून पाठ झालेली. आमचं नाव पुकारलं. संस्थेचे वकील नागपूरचे, आवाज एकदम तुपातला. त्यांच्यासोबत त्यांचा कॉम्प्युटरवाला माणूस लॅपटॉप घेऊन बसला होता. वकीलसाहेबांनी नोंदी वाचून दाखवल्या आणि म्हणाले, "साहेब, ताईंबद्दल आम्हाला अत्यंत आदर आहे. अशा परिस्थितीत इतक्या शिकल्या. आणि आमच्याच संकेतस्थळावरून शिकल्या, याचा आम्हाला अभिमान आहे."

मागून कोणीतरी "वा" म्हटलं. माझ्या तोंडात शिवी आली होती, आईनं मांडीवर चिमटा काढला.

वकीलबाई उठली. म्हणाली, साहेब, नोंदी राहू द्या, तक्रारदार आत्ता, तुमच्यासमोर वेबसाइट उघडून दाखवतील. साहेब खूश झाले. "दाखवा, दाखवा. आम्हालाही बघू द्या हे कसं चालतं."

मी फोनचा आवाज मोठा केला. माझी बाई बोलायला लागली, लिंक, लिंक, ग्राफिक, बटन, लेबल नाही, बटन, लेबल नाही. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मग ती म्हणाली, "इमेज."

"साहेब, इथं अक्षरं आहेत. मला ती वाचता येत नाहीत, माझ्या फोनलाही नाहीत. ऐकायची सोय दिलेली नाही. याच्यापुढे मी जाऊ शकत नाही."

"प्रयत्न तर करा."

केला. मनानं काहीतरी टाकलं. "चुकीचा कोड," बाई म्हणाली, आणि नाव, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकीचा कोड. मागे लोक चुकचुकायला लागले. तिसऱ्यांदा चुकीचा कोड. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा नापास होताना मला मजा येत होती. वकीलबाईनं माझा खांदा दाबला. कितीही वेळ लागू द्या, म्हटलं, दुपार होऊ द्या, मी इथंच अडून दाखवते. चौथ्यांदा नाव, पासवर्ड टाकून पुन्हा त्या "इमेज"पाशी आले आणि मला वाटलं, जिंकलो आपण.

तेवढ्यात साहेबांना राहवलं नाही.

"अहो, किती त्रास त्या बाईंना! आणा तो फोन इकडे."

साहेबांच्या बाबूनं माझ्या हातातून फोन घेतला. मी घट्ट धरायला पाहिजे होता. पण साहेबांनी मागितला, मग कोण घट्ट धरतं? वरून साहेबांचा आवाज आला, "आर... चार... हा यू आहे की व्ही?" बाबू म्हणाला, "व्ही असेल, साहेब." बाबूनं टाकलं असावं, कारण लगेच माझी बाई त्या सगळ्या सभागृहात, माझ्याच फोनमधून, खणखणीत आवाजात बोलली, "लॉगिन यशस्वी. आपले स्वागत आहे." आणि पुढं माझं पूर्ण नाव.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाशपथ, टाळ्या! आई माझा हात धरून म्हणाली, "झालं वो माय, झालं!" आणि संस्थेचा कॉम्प्युटरवाला माणूस लॅपटॉपवरून म्हणाला, "हो सर, आली आमच्याकडे नोंद. आत्ताची."

"साहेब, हे मी नाही केलं," मी म्हटलं.

"अहो, पण झालं ना? शेवटी काम होणं महत्त्वाचं."

"साहेब, तुम्ही वाचलं म्हणून झालं!"

"मग? माणसानं माणसाला मदत करायची नाही का?"

यावर काय बोलायचं असतं, कोणी सांगा मला. मी बोलले, चांगली बोलले, मधेच वऱ्हाडीवर आले, वकीलबाईही बोलली. पण सभागृह आता निवांत झालं होतं. सगळ्यांना वाटत होतं, या आंधळ्या बाईचं भलं झालं, आता ही काहून तणतणून राह्यली?

साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. तक्रारदार यांनी आमच्या समक्ष संकेतस्थळावर यशस्वीरीत्या प्रवेश केला. सबब संकेतस्थळाबाबतच्या तक्रारीत तथ्य आढळत नाही. तथापि तक्रारदाराची चूक अनवधानाने झाली असल्याने, सहानुभूतीपूर्वक व विशेष बाब म्हणून, त्यांना लेखनिकासह पेपर देण्याची परवानगी द्यावी. संस्थेचे वकील म्हणाले, "आमची हरकत नाही, साहेब. याच महिन्यात घेतो."

वकीलबाईनं ती पहिली ओळ बदलायला सांगितली. प्रवेश तक्रारदाराने केला नाही, इतरांनी करून दिला, एवढंच लिहा. तेव्हा तुपातला आवाज जरा कोरडा झाला. असं असेल तर आम्हाला सविस्तर म्हणणं मांडावं लागेल, साहेब, पुढची तारीख द्या. पुढची तारीख म्हणजे माझी मुदत संपल्यावरची. साहेबांनी मला जवळ बोलावलं. "बाई, मी तुमच्या भल्याचंच करतोय. एका ओळीनं तुमचं काय बिघडतं?"

वकीलबाई कानात म्हणाली, "तू म्हणशीन तसं. पण पेपर भेटून राह्यला."

आई म्हणाली, "सही कर माय. हात जोडतो तुले."

बाबूनं माझा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला. मी तो ओढून घेतला. "सही येते मले!"

"अरे वा," बाबू मनापासून म्हणाला, आणि माझं बोट धरून कागदावर जागा दाखवली. मी सही केली. पूर्ण नावाची केली.

पेपर झाला. पोट्टीनं काना-मात्रा नीट दिल्या. पास झाले, मुख्याध्यापकांनी शब्द पाळला, आणि आता मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. आईनं गल्लीत पेढे वाटले, भाऊनं सेंटरवर वाटले. वेबसाइट होती तशी आहे. मधे एकदा गुणपत्रिकेसाठी तिच्यावर जावं लागलं तर सरळ भाऊच्या स्टुलावर जाऊन बसले आणि मान हलवली. एवढा राग आला होता स्वतःचा, की भाऊशी धड बोललेही नाही.

यंदा पावसाळ्यानंतर शाळेत माझ्यासाठी फोन आला. फुलसावंगीकडची एक मुलगी, तिलाही दिसत नाही, त्याच संस्थेतून बी.ए. करते. शाळेचं नाव तिला कागदावरून कळलं, म्हणाली. कोणत्या कागदावरून? तर तिनं संस्थेला लिहिलं होतं की मला तुमच्या वेबसाइटवर अर्ज भरता येत नाही. त्याच्या उत्तरात त्यांनी साहेबांच्या आदेशाची प्रत पाठवली होती. शेजारच्या काकांनी ती वाचून दाखवली.

"ताई, तुम्ही तं साहेबासमोर करून दाखवलं म्हणते," ती म्हणाली. आवाज कोवळा होता, आणि त्यात नुसता आदर भरलेला होता. "मी किती दिवसाची करून राह्यली, मले जमूनच नाही राह्यलं. ते चित्रातले अक्षरं तुम्ही कसे वाचता? फोन कोणता आहे तुमच्याजवळ? सांगा न मले."

"बाई, मी नाही वाचले ते," मी म्हटलं. "मलाही नाही येत. कोणालाच नाही येत. ते साहेबांनी वाचले होते."

मग तिचा आवाज आला, जरासा हिरमुसलेला, मी तिला युक्ती सांगायची टाळते आहे असं वाटल्यासारखा.

"पण ताई, त्याच्याखाली सही तं तुमची आहे न?"

"हाव," म्हटलं. "मायीच आहे."